पैसा चालेनासा झाला तर अदलाबदलीत काय चालेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात काय साठवून ठेवावं, सोनं बरं की साखर, अशी विचारणा सतत येत असते. त्यातले वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं भाकितांवर बेतलेली नाहीत. जिथे पैसा खरोखर मोडला, तिथे लोकांनी काय दिलं आणि काय घेतलं, त्यावर ती आधारली आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. अर्थव्यवस्था कोसळते म्हणजे नेमकं काय होतं?

चार वेगवेगळ्या संकटांना आपण हे एकच नाव देतो. पहिलं, नोटा छापून छापून त्यांची किंमत जाते. झिम्बाब्वेत नोव्हेंबर २००८ मध्ये एका महिन्याची भाववाढ ७,९६० कोटी टक्के असल्याचा अंदाज होता. दुसरं, पैसा बँकेत असतो पण हातात येत नाही. अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये खात्यातून आठवड्याला २५० पेसोंपेक्षा जास्त काढता येत नव्हते. तिसरं, नोटा भरपूर आणि भाव सरकारनं बांधलेले, पण त्या भावाला दुकानात मालच नाही. १९४५ ते १९४८ ची जर्मनी अशी होती. चौथं, वेढा. बोस्नियाची राजधानी सारायेव्हो एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ असं जवळजवळ चार वर्षं वेढ्यात होतं, आणि जे आत येईल तेवढ्यावरच बाजार चालायचा.

कुठलं संकट आहे यावर मालाची यादी बदलते. म्हणून "कोणत्या दहा वस्तू घेऊ?" याचं सरसकट उत्तर देणाऱ्यावर फार विश्वास टाकू नका.

२. तरी पण, कशाला हमखास किंमत येते?

जे रोज वापरून संपतं, घरी बनवता येत नाही, चिमटीनं किंवा नगानं मोजता येतं, वर्षभर टिकतं आणि समोरच्याला बघताक्षणी ओळखता येतं, त्याला. साखर, चहा, तंबाखू, काडेपेटी, साबण, तेल, मीठ, सुई-दोरा, दाढीचं पातं. यातलं कुठलं कधी फसतं ते पुढे येईलच.

३. सगळीकडे सिगारेटच का चलन होते?

याचं सगळ्यांत बारकाईनं केलेलं वर्णन आर. ए. रॅडफर्ड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं १९४५ मध्ये लिहिलं. तो स्वतः दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी होता. छावणीत रेड क्रॉसची पार्सलं यायची आणि त्यात डबाबंद दूध, जॅम, लोणी, बिस्किटं, मांस, चॉकलेट, साखर असायचं. सगळ्यांना जवळजवळ सारखंच मिळे, पण आवडी सारख्या नसत. त्यातून आधी सरळ अदलाबदल सुरू झाली आणि थोड्याच काळात प्रत्येक वस्तूचा भाव सिगारेटींत बोलला जाऊ लागला. न ओढणारेही सिगारेटी घेत, कारण त्या पुढे चालतील याची त्यांना खात्री होती.

सिगारेटीत चलनाला लागणारं बरंचसं होतं. ती हलकी, एकसारखी, नगानं मोजता येणारी आणि बऱ्यापैकी टिकणारी होती. शिवाय ती जळत असल्यामुळे तिचा पुरवठा आपोआप घटत राहायचा. मला यातला सर्वांत बोलका भाग हा वाटतो: आसपास जोराचे बॉम्बहल्ले झाले की कैदी जास्त सिगारेटी ओढायचे, चलन कमी पडायचं आणि वस्तूंचे भाव उतरायचे. नवी पार्सलं आली की भाव पुन्हा चढायचे. चांगली सिगारेट लोक ओढून टाकत आणि हातानं वळलेली सुमार सिगारेट व्यवहारात पुढे सरकवत. खोटं नाणं खऱ्या नाण्याला बाजारातून हाकलतं, तो नियम इथेही चुकला नाही.

युद्धानंतरच्या जर्मनीत अमेरिकी सैनिकांच्या सिगारेटींनी हेच काम केलं. सारायेव्होतला तंबाखूचा कारखाना तर वेढ्यातही सुरू राहिला. शहर लढवणाऱ्या सैनिकांना मोबदला म्हणून सिगारेटी मिळत, आणि पाकिटांना कागद नसल्यामुळे जुना छापील कागद वापरून त्या बांधल्या जात.

४. आमच्या घरी कुणी तंबाखूला शिवत नाही. फक्त अदलाबदलीसाठी साठवावा का?

माझं उत्तर नाही असंच आहे. विडी-सिगारेट पावसाळ्यात सादळते, बुरशी धरते, आणि संकट आलंच नाही तर तो माल तुमच्या काही कामाचा नाही. गुटख्याचं तर नावच काढू नका, त्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. दारू बाळगायलाही आपल्याकडे परवाना लागतो.

आपल्याकडे सिगारेटीची जागा चहा-साखर घेईल असं मला वाटतं. चहा सकाळी लागतो तसा दुपारीही लागतो, गरिबाला लागतो तसा श्रीमंतालाही. मोजायला चमचा पुरतो. चहा न पिणाऱ्याच्या घरीही पाहुणा येतोच. फक्त सुटी पावडर ठेवू नका. सुट्या चहात भेसळ करणं सोपं असतं आणि अडचणीच्या दिवसांत समोरचा तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. ५० ते १०० ग्रॅमची बंद पाकिटं घ्या. बाजार सुरळीत राहिला तर तुम्हीच पिऊन संपवाल.

५. सोनं असलं की बाकी काही लागत नाही, असं आजी सांगते. खरं ना?

आजीचं अर्धं खरं आहे. सोनं किंमत वर्षानुवर्षं सांभाळतं. पण ऐन भुकेच्या आठवड्यात त्याची भाकरीशी अदलाबदल करायला गेलात तर फार वाईट भाव मिळतो.

युद्धानंतर जर्मन शहरांतले लोक भरलेल्या रेल्वेगाड्यांना लटकून खेड्यांत जात. बरोबर चांदीचे काटे-चमचे, तागाच्या चादरी, घड्याळं, गालिचे. परतताना पोत्यात बटाटे. काही दिवसांतच शेतकऱ्यांकडे या चीजांचा इतका साठा झाला की आता गोठ्यात पर्शियन गालिचे अंथरायचेच तेवढे राहिलेत, अशी शहरात थट्टा चाले. ज्याच्याकडे बटाटे होते त्याला दुसऱ्या गालिच्याची घाई नव्हती, आणि गालिचेवाल्याच्या घरी मात्र पोरं उपाशी होती. मौल्यवान वस्तूचा भाव तिथे पडतो.

उलट उदाहरणही आहे. व्हेनेझुएलाच्या बोलिव्हार प्रांतात खाणींच्या गावांमध्ये लोक सोन्याचे कण देऊन किराणा घेत. ते जमलं, कारण गावाचा धंदाच सोन्याचा, काउंटरवर बारीक तराजू असायचा आणि कण बघून कस ओळखणारी माणसं दुकानातच असत. आपल्या गावात हे काम सराफ करतो. सराफाचं शटर खाली असेल तर तुमच्या पाटल्यांचा कस कोण सांगणार?

तेव्हा सोनं हे संकटाच्या अलीकडून पलीकडे किंमत नेण्यासाठी आहे. कोसळण्याआधी घेतलेलं आणि सावरल्यानंतर विकलेलं सोनं काम करतं. मधल्या काळासाठी ठेवायचंच असेल तर हॉलमार्कची वळी, वेढणी, एकेका ग्रॅमची नाणी असं लहान लहान ठेवा. पाच तोळ्यांचा हार मोडून दोन किलो तूर डाळ घेता येत नाही. घडणावळीत घातलेले पैसे तर कुठल्याच बाजारात परत येत नाहीत.

६. मग चांदीची जुनी नाणी?

राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा असून त्यात जवळजवळ ९२ टक्के चांदी असते. आकार लहान, ओळख सर्वांना, त्यामुळे कल्पना वाईट नाही. पण नकली राणीछाप बाजारात खूप आहेत आणि १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्म्यावर आली. वजन आणि साल पाहिल्याशिवाय घेऊ नका. बाकी सगळं सोन्यासारखंच (प्रश्न ५).

७. डॉलर ठेवले तर?

नोटेवरचा विश्वास गेलेल्या देशांत लोक वस्तूंच्या अदलाबदलीत फार काळ रमत नाहीत, शेजारच्याची किंवा बलाढ्य देशाची नोट पकडतात. सारायेव्होत जर्मन मार्क चालला. झिम्बाब्वेत आधी पेट्रोलची कुपनं पैशासारखी फिरली, आणि २००९ च्या सुरुवातीला परकी चलन अधिकृत झाल्यावर अमेरिकी डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड. तिथे वेगळाच घोळ झाला: नोटा आल्या, पण सेंटची नाणी आली नाहीत. दुकानदार सुट्याऐवजी गोळ्या, पेन, बिस्किटं देऊ लागले. आपल्याकडे सुट्याच्या बदल्यात चॉकलेट हातावर ठेवणारे दुकानदार आहेतच, त्यामुळे हे समजायला जड जाऊ नये.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला नियमानुसार २,००० डॉलरपर्यंतच्या परकी नोटा जवळ ठेवता येतात. ठेवल्यात तर एक, पाच आणि दहाच्या ठेवा.

८. धान्याची कोठी भरली की झालं, असं का म्हणत नाही?

भरा, पण ती तुमच्या पोटासाठी. अदलाबदलीचा माल म्हणून धान्य अवजड असतं, त्याला कीड लागते आणि ते लपवता येत नाही. पूर्वी ज्वारी पेवात पुरून ठेवत, त्यात साठवण्याइतकाच लपवण्याचाही हेतू असे.

याहून मोठा मुद्दा जागेचा आहे. खेड्यात धान्य आहे आणि शहरात नाही, म्हणून शहरातल्या माणसानं धान्य घेऊन खेड्यात जाण्यात काय अर्थ? वस्तूची किंमत तिच्या अंगात नसून, ती जिथे नाही तिथे असते. पेण-उरणच्या मिठागराशेजारी मिठाच्या गोणीला कोण विचारतो? तेच मीठ घाटावर चढलं की त्याचं धान्य होई, आणि वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे पिढ्यान्‌पिढ्या याच फरकावर चालले. तुमच्या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत काय पिकतं, काय बनतं आणि काय बाहेरून ट्रकनं येतं, याचा एक कागद करा. ट्रकनं येणाऱ्या गोष्टींची यादी हीच तुमची साठवणीची यादी.

टिकण्याबद्दल थोडं: मिठाला पाणी सुटतं पण ते खराब होत नाही. साखर कोरडी ठेवली की टिकते, गूळ पावसाळ्यात पाघळतो. तांदूळ जुना झाला की उलट चांगला. शेंगदाण्याचं तेल खवट होतं, म्हणून वर्षभरापेक्षा जास्त साठवू नका. काडेपेट्या प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, नाहीतर पहिल्याच जुलैत गुल उडतो.

९. वस्तू नाहीत, पण हातात कसब आहे. ते चालेल का?

चालेल, पण कोणतं कसब ते महत्त्वाचं. अर्जेंटिनात बुएनोस आयरेसजवळच्या बर्नाल इथे १ मे १९९५ रोजी शेजारपाजाऱ्यांनी अदलाबदलीचा एक क्लब सुरू केला. २००१-०२ च्या संकटात असे क्लब देशभर पसरले आणि लाखो लोक त्यात आले. तिथे केस कापणारे, हातानं विणलेल्या पिशव्या आणि जुने कपडे आणणारे भरपूर होते. तुटवडा होता तो पीठ, तेल, साखर यांचा. पीठ मिळवायला बाहेर पेसो मोजावे लागत, आणि पेसो तर कुणाकडेच नव्हते. पिझ्झा करणाऱ्या बाईंना पिठाचे पैसे रोख द्यावे लागत आणि पिझ्झ्याच्या बदल्यात मात्र केशकर्तन मिळे.

यातून निघणारी कसोटी सोपी आहे: तुमचं काम करायला बाहेरून काय लागतं? पायानं चालणारं शिलाई मशीन, चपला शिवणं, पंप आणि सायकल दुरुस्ती, बाळंतपण करण्याचं ज्ञान, जनावरांची पारख, जुन्या भागांतून नवं जुळवणं ही कामं टिकतात. वेबसाइट बनवता येते म्हणून अंडी मिळतील, अशी आशा ठेवू नका.

"मग आपली बलुतेदारी म्हणजे हेच ना?" असं बरेच जण पुढे विचारतात. पूर्णपणे नाही. बलुत्यात कामाचा मोबदला त्या-त्या वेळी ठरत नव्हता, सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. म्हणजे ती वर्षभराची उधारी होती. आणि कुणी कोणतं काम करायचं हे जातीनं बांधलेलं होतं, काम नाकारायची सोय नव्हती. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या व्यवहाराला अदलाबदल कसं म्हणायचं? गावगाड्याच्या आठवणीत रमणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

१०. अशा क्लबच्या (प्रश्न ९) कुपनांवर भरवसा ठेवावा का?

लहान गटात, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे ठेवा. अर्जेंटिनाच्या क्लबांत "क्रेदितो" नावाच्या चिठ्ठ्या चालत. गट वाढले तशा चिठ्ठ्या गरजेपेक्षा जास्त छापल्या गेल्या, त्यांच्या नकला निघाल्या, आणि २००२ संपेपर्यंत बहुतेक क्लब ओस पडले. ज्या रोगाला कंटाळून लोक तिथे आले होते, तोच रोग तिथेही शिरला. कुपन हातात आलं की त्याच दिवशी खर्च करा, साठवू नका.

११. औषधं साठवून ठेवली तर सोन्याहून भारी पडतील ना?

गरज नक्की असेल, पण हा धंदा करू नका. परवान्याशिवाय औषधं विकणं गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं, आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या गोळीत काय उरलं आहे हे तुम्हालाही सांगता येणार नाही. प्रतिजैविकं तर अंदाजानं कुणाला देऊच नयेत. घरच्यांची नेहमीची औषधं डॉक्टरांना विचारून थोडी जास्त ठेवा. द्यायचंच झालं तर ओआरएसची पाकिटं, कापूस, बँडेज, साबण, सॅनिटरी पॅड. पॅडचा उल्लेख अशा याद्यांत क्वचितच सापडतो. याद्या कोण करतं ते त्यावरून कळतं.

१२. पेट्रोल, गॅस, सोलर?

पेट्रोल घरात साठवू नका. ते उडून जातं, जुनं झालं की बिघडतं आणि घर जाळतं. सिलिंडर जितके नावावर असतील तितकेच. सोलर पॅनेल मात्र वेगळी गोष्ट आहे. ते द्यायचं नसतं, त्याच्यावर इतरांचे फोन आणि बॅटऱ्या चार्ज करून द्यायच्या असतात. सकाळी दिलेली वीज संध्याकाळी पुन्हा तयार असते, आणि पॅनेल तुमच्याच छपरावर राहतं.

१३. भाव ठरवायचा कसा? मला घासाघीस जमत नाही.

रॅडफर्डच्या छावणीतली (प्रश्न ३) एक गोष्ट सांगतात. एक पाद्री चीजचा डबा आणि पाच सिगारेटी घेऊन छावणीभर फिरला. परत आला तेव्हा डबा आणि सिगारेटी होत्याच, वर एक अख्खं पार्सलही होतं. एका बराकीतला भाव दुसऱ्या बराकीत माहीत नव्हता, एवढंच त्याचं भांडवल. दुसऱ्या एकाला उर्दू येत होतं. तो शीख सैनिकांकडून मांस घेई आणि त्यांना लोणी-जॅम देई. या धंद्यात आणखी माणसं शिरली तसा त्याचा नफा घटला. पुढे छावणीत भावांचे फलक लागले तेव्हा असे फायदे आटले.

तेव्हा पहिला नियम, एकाच ठिकाणी विचारू नका. दुसरा, स्वतःचा तराजू आणि मापं बाळगा. तिसरा, सगळा साठा कधीही दाखवू नका. दाराशी दोन पाकिटं आणायची, बाकी आत. घासाघीस शिकायची असेल तर बोहारणीशी व्यवहार करणारी घरातली बाई शोधा. चार साड्यांवर पातेलं की पातेल्यावर झाकणही, हे तिला जितकं कळतं तितकं कुठल्या पदवीत शिकवत नाहीत.

१४. पगारच वस्तूंत मिळाला तर?

रशियात १९९० च्या दशकात हे सर्रास झालं. गुस-ख्रुस्ताल्नी या काचसामानाच्या गावात कामगारांना पगाराऐवजी कारखान्यातली क्रिस्टलची भांडी मिळत, आणि ते रस्त्याकडेला उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना ती विकत. अख्ख्या गावाकडे एकच माल असला की गावात त्याला किंमत शून्य. अशा वेळी वस्तू गावाबाहेर नेणारा माणूस सर्वांत जास्त कमावतो (प्रश्न ८).

१५. बियाणं ठेवावं का?

भाजीपाल्याचं गावरान बियाणं जरूर ठेवा, हलकं आणि मोलाचं. पण संकरित वाणाच्या फळातलं बी पुढच्या वर्षी तसंच उगवत नाही. कांद्याचं बी जेमतेम वर्षभर दम धरतं. दरवर्षी पेरून ताजं करणाऱ्यालाच हा माल झेपतो.

१६. वस्तूच्या बदल्यात वस्तू दिली तर कर लागतो का?

घरगुती देवघेवीला नाही. पण तुम्ही धंदा म्हणून करत असाल आणि जीएसटीच्या कक्षेत येत असाल तर लागतो. कायद्याच्या कलम ७ मध्ये पुरवठ्याच्या व्याख्येत विक्रीबरोबर वस्तुविनिमयही आहे. घरच्या वापरापलीकडे जीवनावश्यक वस्तूंचा साठा केल्यास सरकार साठ्यावर मर्यादा घालू शकतं, हेही ध्यानात असू द्या.

१७. सगळं अचानक सुरळीत झालं तर साठवलेल्या मालाचं काय?

हा प्रश्न सर्वांत कमी येतो, पण तो विचारायलाच हवा. पश्चिम जर्मनीत २० जून १९४८ रोजी, रविवारी, नवा मार्क आला. सुरुवातीला माणशी ४० मार्क हातात मिळाले. सोमवारी सकाळी दुकानांच्या काचांआड भांडी, बूट, कापड दिसू लागलं. माल आधीपासूनच होता, दुकानदारांनी तो खऱ्या पैशासाठी दाबून ठेवला होता. सिगारेटीचं राज्य काही दिवसांत संपलं. ज्यांनी त्या चलन म्हणून साठवल्या होत्या, त्यांच्याकडे आता फक्त ओढायच्या सिगारेटी उरल्या. बँकेत जुन्या नोटा ठेवणाऱ्यांची गत त्याहून वाईट झाली: दर शंभर जुन्या मार्कांमागे शेवटी त्यांच्या हाती साडेसहा नवे मार्क आले.